हिंगण्याच्या शेडमधला बीगलबोन ब्लॅक

गेल्या वर्षी मे महिन्यात मी बीगलबोन ब्लॅक हा लिनक्स प्रणालीवर चालणारा छोटा एका-बोर्डाचा संगणक मागवला तो एका ठरावीक कामासाठी. नागपूरजवळ हिंगणा एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे. शेतीपंपाच्या ऑटो-स्टार्टरमध्ये बसणारे कंट्रोल बोर्ड आम्ही बनवतो आणि टेस्टिंग माझ्याकडे आहे. एक फेज गेली की मोटर बंद व्हायला हवी, लाइन आली की ठरलेल्या वेळाने सुरू व्हायला हवी, विहिरीत पाणी नसेल तर पंप कोरडा फिरता कामा नये. बोर्डाचं काम एवढंच. पण ते चुकलं तर काटोलकडच्या एखाद्या संत्र्याच्या बागेत माणूस रात्री दोन वाजता टॉर्च घेऊन विहिरीवर जातो. शेताला थ्री फेज बरेचदा रात्रीच मिळते, म्हणून तर त्याने ऑटो लावलेला असतो. त्यामुळे टेस्टिंगमध्ये "बहुतेक बरोबर आहे" हे वाक्य मला चालत नाही.

आधी सगळं हाताने चालायचं. तीन स्विच, तीन बल्ब, मोबाइलमधलं स्टॉपवॉच आणि एक वही. दुपारी तीननंतर, कूलरचं पाणी संपून शेड तापली की वहीतले आकडे सुद्धा थकलेले दिसायचे. जिग, म्हणजे बोर्ड बसवून आपोआप तपासणारी मांडणी, बनवायचं ठरलं तेव्हा मला असा कंट्रोलर हवा होता जो रिले (विजेने ओढले जाणारे स्विच) ओढेल, वेळ मोजेल, निकाल लिहून ठेवेल आणि सकाळी शेडचं मेन स्विच टाकलं की कोणी हात न लावता स्वतः उभा राहील. ही शेवटची अट मला सगळ्यात महत्त्वाची वाटत होती, आणि आज वर्षभराने लिहिताना तर जास्तच वाटते. जिगवरचा कंट्रोलर सकाळी नीट बूट, म्हणजे सुरू, झाला नाही तर मागे चार माणसं हात बांधून बसतात.

बीगलबोन ब्लॅक काही नवा बोर्ड नाही. २०१३ साली आला. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा एएम३३५एक्स घराण्यातला प्रोसेसर, १ गिगाहर्ट्झ, ५१२ एमबी रॅम. आजच्या हिशेबाने हे आकडे लहान आहेत. मी तो घेतला तीन कारणांनी. एक, त्याच्यावर ४ जीबीची ईएमएमसी मेमरी सोल्डर केलेली आहे, म्हणजे सिस्टिम मेमरी कार्डावर ठेवावी लागत नाही. आमच्याकडे आधी कार्डावर चालणारा दुसरा एक बोर्ड होता. शेजारी पंचिंगचं मशीन आहे, त्याच्या धक्क्याने कार्डाचा कॉन्टॅक्ट ढिला व्हायचा. दोन, त्याच्या प्रोसेसरमध्ये पीआरयू नावाचे दोन छोटे वेगळे कोअर आहेत, २०० मेगाहर्ट्झचे, जे लिनक्सची वाट न बघता पिन हलवतात. आणि तीन, बोर्डाचं पूर्ण सर्किट, एकेका रेझिस्टरसकट, सगळ्यांसाठी खुलं आहे. हे तिसरं कारण घेताना मी फार मनावर घेतलं नव्हतं. पुढे त्यानेच वाचवलं.

डब्यात बोर्ड आणि एक मिनी-यूएसबी केबल आली, बस. बोर्ड तळहातावर मावतो, साधारण ८६ बाय ५३ मिलिमीटर. दोन्ही कडांना ४६-४६ पिनांच्या दोन रांगा, पी८ आणि पी९. ही यूएसबी केबल लॅपटॉपला लावली की बोर्डाला वीजही मिळते आणि लॅपटॉपला तो नेटवर्कवरचा दुसरा संगणक म्हणून दिसतो, १९२.१६८.७.२ या पत्त्यावर. पहिल्या दिवशी कोणताही अडॅप्टर, मॉनिटर, कीबोर्ड न लावता मी लॉग इन करून पासवर्ड बदलला आणि एक एलईडी लावून-विझवून बघितला. इथपर्यंत पाऊण तास लागला असेल.

पण यूएसबीची वीज टेबलापुरती. जिगवर ५ व्होल्टचा वेगळा अडॅप्टर लागतोच, बारीक गोल जॅकचा, आतली पिन पॉझिटिव्ह. इथे एक सांगणं अगदी मनापासून आहे. हाच जॅक १२ व्होल्टच्या अडॅप्टरला असतो. कॅमेऱ्याचा, राउटरचा, एलईडी पट्टीचा अडॅप्टर याच जॅकचा असतो आणि आमच्या शेडमध्ये असे पाच-सहा लोंबकळत असतात. बोर्ड मागवला त्याच दिवशी मी ५ व्होल्टच्या अडॅप्टरच्या वायरीला लाल टेप गुंडाळली आणि सगळ्यांना सांगितलं, लाल टेप नसलेली वायर या बोर्डाजवळ आणायची नाही. वर्षभर हा नियम पाळला गेला आहे. अडॅप्टर २ अँपिअरचा घ्या. रिलेची कॉइल मात्र बोर्डाच्या विजेवर कधीच चालवू नका, तिला वेगळा सप्लाय द्या.

आता सिरीयल केबल, म्हणजे बोर्ड ओळीओळीने जे लिहितो ते लॅपटॉपवर वाचायची वायर. माझ्या मते या बोर्डाबरोबर काही एकच वस्तू घ्यायची असेल तर ही घ्या, खोक्याच्याही आधी. पी९ रांगेच्या लगत जे१ नावाची सहा पिनांची छोटी रांग आहे. पहिली पिन ग्राउंड, चौथी बोर्डाची ऐकण्याची, पाचवी बोलण्याची. ३.३ व्होल्टची यूएसबी-सिरीयल केबल सरळ बसते. बर्डीवर, म्हणजे नागपूरच्या सीताबर्डी बाजारात, जे सुटं छोटं मॉड्यूल मिळतं त्यालाही तीन वायरी लावून काम होतं. फक्त मॉड्यूलवरचा जम्पर ३.३ व्होल्टवर आहे याची खात्री मीटरने करा, ५ व्होल्टवर असेल तर बोर्डाच्या पिनेला धोका. वेग १,१५,२०० ठेवायचा. काउंटरवरच्या भाऊंनी मला विचारलं होतं, "ताई, एचडीएमआय आहे ना त्याला, मग हे जुनं काऊन घेता?" मी त्यांना म्हटलं, एचडीएमआयवर चित्र येतं ते सगळं सुरळीत झाल्यावर. बिघाड त्याच्या आधी होतो.

बोर्ड बूट होतो म्हणजे काय होतं, ते या केबलवर ओळीओळीने दिसतं. वीज मिळाली की प्रोसेसरच्या आत कारखान्यातच कोरलेला एक छोटा प्रोग्राम जागा होतो, रॉम कोड. मुख्य रॅम कशी वापरायची हे त्याला माहीत नसतं, त्याच्याकडे चिपच्या आतली थोडीशीच जागा असते. म्हणून तो आधी एक लहान फाइल शोधतो, एमएलओ नावाची. ती मावेल एवढीच ठेवलेली असते. ती रॅम चालू करते आणि मग यू-बूट या मोठ्या प्रोग्रामला आत घेते. यू-बूट लिनक्सचा कर्नल, म्हणजे गाभा, उचलतो, सोबत डिव्हाइस ट्री, म्हणजे या बोर्डावर काय काय जोडलं आहे त्याची यादी. मग कर्नल, मग बाकीच्या सेवा, मग आपला प्रोग्राम. रॉम कोडनंतरचे हे पाच टप्पे आहेत आणि प्रत्येक टप्पा केबलवर आपली खूण सोडून जातो. कुठे अडकलं ते वाचता येतं. पडदा कोरा असेल तर वीज किंवा वायर बघायची. यू-बूटपाशी थांबलं तर मेमरीतल्या फाइली. कर्नलच्या मधेच थांबलं तर बहुतेक वेळा डिव्हाइस ट्री.

रॉम कोड एमएलओ कुठे शोधतो याचा क्रम ठरलेला आहे आणि तो बोर्डावरच्या काही पिनांवरून ठरतो. नेहमीचा क्रम असा: आधी आतली ईएमएमसी, मग मायक्रोएसडी कार्ड, मग सिरीयल, मग यूएसबी. मायक्रोएसडीच्या खाचेच्या वर एस२ नावाचं बारकं बटण आहे. ते दाबून धरून वीज दिली की क्रम बदलतो: आधी एसपीआय मेमरी, जी बोर्डावर नसतेच, मग कार्ड, मग यूएसबी, मग सिरीयल. ईएमएमसी यादीतूनच जाते. नवीन सिस्टिम टाकताना हेच बटण वापरायचं. यात एक बारकावा आहे ज्याने युनिटमधल्या आमच्या पोराचा एक अख्खा तास गेला. या पिना फक्त वीज येते त्या क्षणी वाचल्या जातात. चालू बोर्डावर एस२ धरून रिसेट दाबलं तर काही बदलत नाही. वायर काढायची, बटण धरायचं, वायर लावायची आणि चार निळे दिवे हलायला लागले की बोट उचलायचं.

ते चार दिवेही शिकून घ्यावेत. पहिला हृदयाच्या ठोक्यासारखा, कर्नल जिवंत असल्याचा. दुसरा कार्डावर वाचन-लेखन झालं की, तिसरा प्रोसेसर कामात असला की, चौथा ईएमएमसीचा. सिस्टिम कार्डावरून आत उतरवताना हे चारही एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे धावतात. ते धावत असताना वायर ओढायची नाही, कितीही उशीर झाला तरी. डेबियन या लिनक्सच्या प्रकाराची अधिकृत प्रतिमा, म्हणजे अख्ख्या सिस्टिमची एक फाइल, कार्डावर उतरवून, तीतली एक बंद ठेवलेली ओळ चालू करून, मी हे काम आतापर्यंत चार वेळा केलं आहे आणि चारही वेळा नीट झालं.

आता ती गोष्ट, जिच्यासाठी मी हे लिहायला बसले.

जिगवर तीन रिले होते. एक पंपाच्या जागी धरलेल्या लोडचा, दोन फेज तोडणारे. बोर्डाची पिन थेट रिले ओढू शकत नाही, काही मिलिअँपिअरच देते, म्हणून मध्ये यूएलएन२००३ ही आयसी. आपल्याकडे प्रत्येक स्टॅबिलायझर आणि प्रत्येक कंट्रोल पॅनेल दुरुस्त करणाऱ्याच्या डब्यात असते तीच. वायरिंग सोयीचं पडलं म्हणून मी पी८ रांगेच्या शेवटच्या पिना घेतल्या, ४३, ४५ आणि ४६. या पिना मुळात एचडीएमआयच्या कामाच्या. आम्हाला पडदा नको होता, म्हणून एचडीएमआय बंद करून त्या मोकळ्या करून घेतल्या. प्रोग्राम कार्डावर ठेवून लिहिला, जिग तीन आठवडे उत्तम चालली. मग मी म्हटलं, आता हे पक्कं करू. सगळं ईएमएमसीत उतरवलं, कार्ड काढून ड्रॉवरमध्ये ठेवलं, बोर्ड जिगवर बसवला, वीज दिली.

पॉवरचा दिवा लागला. बाकी चार दिवे काळे.

आयटीआयमधून आलेला आमचा पोरगा हुशार आहे. त्याने बोर्ड काढला, टेबलावर लावला, तिथे लगेच चालू. परत जिगवर, बंद. परत टेबलावर, चालू. "ताई, टेबलवर चालून राहिला अन् जिगवर बसवला की मरून राहिला. मेमरी तर बरोबर आहे त्याची." मी म्हटलं, वीज कमी पडत असेल. मीटर लावला, जॅकपाशी ५.०४ व्होल्ट. अडॅप्टर बदलला, तेच. रिलेचा सप्लाय वेगळा होता, तोही बंद करून बघितला, तेच. पिनांच्या सॉकेटमध्ये काही वाकलंय का ते भिंग लावून बघितलं. दुपारचे चार वाजले होते. बाहेर ऊन असं की पत्र्याला हात लावता येत नव्हता, आणि लाइनवर पासष्ट बोर्ड टेस्टिंगची वाट बघत होते. एवढ्यात शेजारच्या युनिटमधले एक काका येऊन बघून गेले आणि म्हणाले, "बोर्डच बदलून टाक बाई, नवीन मागव." मला ते पटेना. जो बोर्ड टेबलावर दहापैकी दहा वेळा चालू होतो तो खराब नाही.

मग सिरीयल केबल लावली. खरं तर आधीच लावायला हवी होती. जिगवर जागा अडचणीची म्हणून टाळत होतो. वीज दिली. पडदा कोरा. चार-पाच सेकंद काही नाही. मग डाव्या कोपऱ्यात इंग्रजी सी हे एक अक्षर उमटलं. थोडं थांबून दुसरं. मग तिसरं. एका ओळीत, सावकाश: सी सी सी सी.

पोरगा म्हणाला, "हे काय लिहून राहिला हा?" मला ते अक्षर बघून फार बरं वाटलं. कारण याचा अर्थ ठरलेला आहे. रॉम कोडला एमएलओ कुठेच सापडली नाही आणि तो आता सिरीयलवर कोणी पाठवेल का म्हणून हाक मारतो आहे. एक्समोडेम या जुन्या पद्धतीत फाइल घ्यायला तयार असल्याची खूण म्हणजे हे सी. म्हणजे प्रोसेसर जिवंत आहे, वीज बरोबर आहे, घड्याळ चालू आहे, रॉम चालू आहे. फक्त तो ईएमएमसीकडे बघत नाहीये. आणि ईएमएमसी रिकामी नाही हे आम्हाला टेबलावर दहा वेळा दिसलं होतं.

रॉम ईएमएमसीकडे बघत नाही असं कधी होतं? एस२ दाबलेलं असलं की. मी पोराला म्हटलं, बटणाला काही टेकलंय का बघ. त्याने टॉर्च मारली. काही टेकलेलं नव्हतं.

मग सर्किट उघडलं, बोर्ड बनवणाऱ्यांनी सगळ्यांसाठी ठेवलेलं. एस२ कुठे जातं बघितलं. ते एलसीडी डेटा २ या लाइनीला ग्राउंडकडे ओढतं. त्या लाइनीचं प्रोसेसरच्या भाषेतलं दुसरं नाव सिसबूट २. आणि ती लाइन बाहेर कुठे निघते? पी८ रांगेत, पिन ४३. आमच्या पंपाच्या रिलेची पिन.

पुढचं कागदावर मांडलं. ही लाइन बोर्डावर १०० किलोओहमच्या रेझिस्टरने वर, ३.३ व्होल्टकडे ओढलेली आहे. १०० किलोओहम म्हणजे फार हलका हात. आमची यूएलएन२००३ आतून कशी आहे? पिनेपाशी २.७ किलोओहम, मग ट्रान्झिस्टरच्या बेसपासून खाली ७.२ आणि ३ किलोओहम ग्राउंडकडे. एकूण १२.९. म्हणजे वर ओढणारा १०० आणि खाली ओढणारा १३. मध्ये किती उरणार? अर्ध्या व्होल्टपेक्षाही कमी. मीटर लावला तर तसंच. आमची रिलेची आयसीच, वीज येण्याच्या प्रत्येक क्षणी, एस२ बटण दाबून धरत होती.

४५ आणि ४६ या लाइनी मुळातच खाली धरलेल्या असतात, म्हणून त्यांच्यावरच्या रिलेंनी काही बिघडवलं नाही. एकटी ४३. आणि तीन आठवडे हे दिसलं नाही कारण कार्ड आत होतं. बदललेल्या क्रमातही कार्ड आहेच, तिथून तो मुकाट बूट होत होता. नेहमीच्या क्रमातही आतलं यू-बूट आधी कार्ड तपासतं. त्यामुळे संशय यायला जागाच नव्हती. कार्ड काढलं त्या दिवशी झाकलेली चूक उघडी पडली.

हा दोष बोर्डाचा नाही. पुस्तिकेत स्पष्ट लिहिलेलं आहे की या पिना बूटच्या क्षणी बाहेरून ओढल्या जाऊ देऊ नका. चूक वायरिंगची होती आणि वायरिंग मी ठरवलं होतं. पण पिनांचा जो रंगीत तक्ता सगळीकडे फिरतो, ज्याचा प्रिंट काढून लोक टेबलावर चिकटवतात, त्यात ४३ ही एक साधी पिन म्हणून दिसते. पी८ मधल्या ३१ ते ४६ या सगळ्याच पिना बूटच्या क्षणी वाचल्या जातात. आता आमच्या तक्त्यावर त्या सोळाही चौकोनांवर मी लाल पेनने फुली मारली आहे.

त्या संध्याकाळी लोकमान्य नगरवरून मेट्रोने बर्डीला उतरले आणि ७४एचसी१२६ घेतली, चार बफरची आयसी, म्हणजे खूण फक्त पुढच्या दिशेने पाठवणारी चार दारं, प्रत्येकाला आपली वेगळी चावी. पहिला विचार असा होता की पिन आणि यूएलएनच्या मध्ये बफर टाकू, म्हणजे खालचा ओढा बोर्डापर्यंत पोचणार नाही, आणि चाव्या बोर्डाच्या रिसेट लाइनीला, पी९ च्या १० नंबरला बांधू. दुसऱ्या दिवशी करून बघितलं. बोर्ड पहिल्याच फटक्यात ईएमएमसीवरून बूट झाला, सगळे खूश. पण लोडचा रिले वीज येताच खट्‌कन ओढला गेला आणि लिनक्स पूर्ण उभं राहीपर्यंत तसाच ओढलेला राहिला. बरोबरच आहे. तो १०० किलोओहम आता मोकळा झाला होता, त्याने पिन वर नेली आणि बफरने ती इमाने पुढे पाठवली. टेस्ट सुरू होण्याआधी लोड चालू, ही जिगवर मान्य करता येणारी गोष्ट नाही. समोर ४१५ व्होल्ट असतात आणि पोराचे हात त्याच वेळी बोर्ड बसवत असतात.

शेवटी रिले तिथून उठवलेच. पी८ च्या ७, ८ आणि ९ वर आणले, बफर ठेवला आणि त्याच्या चाव्या रिसेटऐवजी पी८ च्याच १० नंबरच्या पिनेवर घेतल्या, तिला ४.७ किलोओहमने ग्राउंडकडे बांधून. आता बोर्ड बूट होत असताना पिना काहीही करोत, बफर बंद, रिले थंड. प्रोग्राम उभा राहतो, तिन्ही रिले बंद असल्याची खात्री करतो आणि मगच चावी उघडतो. तेव्हापासून सकाळचं बूट एकदाही चुकलेलं नाही. पासष्ट बोर्ड त्या दिवशी हातानेच तपासले, रात्री नऊपर्यंत.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. पीआरयूबद्दल मी जे ऐकलं होतं ते खरं निघालं. ५० हर्ट्झच्या लाइनीत एक चक्र २० मिलिसेकंदांचं. फेज तुटल्यापासून किती वेळात आमचा बोर्ड कॉन्टॅक्टर (मोटरचा मोठा स्विच) सोडतो हे मोजायचं, तर लिनक्सवरचा साधा प्रोग्राम कधी एक-दोन मिलिसेकंद इकडे, कधी तिकडे. पीआरयूची एक सूचना ५ नॅनोसेकंदांत होते आणि तिथे मध्ये कोणी येत नाही. तोच बोर्ड शंभर वेळा मोजला तरी आकडे एकमेकांना चिकटून येतात. शिकायला मला तीन रविवार लागले. सोपं आहे असं म्हणणार नाही.

अॅनालॉग पिना सात आहेत, पण त्यांना १.८ व्होल्टच्या वर काही चालत नाही. बाकीच्या पिनांनाही ३.३ हीच मर्यादा, ५ व्होल्ट कुठेच नाही. आणि बोर्डाची वीज बंद असताना बाहेरून पिनेवर व्होल्टेज जाऊ द्यायचं नाही. आमच्या जिगवर तपासायच्या बोर्डाकडून येणारी प्रत्येक खूण ऑप्टोकप्लरमधून, म्हणजे दोन सर्किटं वेगळी ठेवून प्रकाशाने खूण पोचवणाऱ्या चिपमधून, येते आणि त्याचं बोर्डाकडचं टोक बोर्डाच्याच ३.३ व्होल्टवर आहे, म्हणजे बोर्ड बंद तर तेही बंद. दहा-बारा रुपयांच्या त्या कप्लरमध्ये कंजुषी करू नका.

घड्याळाला बॅटरी नाही. लाइन गेली आणि आली की बोर्डाची तारीख चुकते, नेट असेल तर दुरुस्त होते. आमच्या शेडमध्ये नेट भरवशाचं नाही आणि टेस्ट रिपोर्टवर तारीख चुकली तर तो रिपोर्ट काय कामाचा. म्हणून डीएस३२३१ चं नाण्याएवढ्या बॅटरीचं घड्याळ वेगळं जोडलं. अचानक वीज जाण्याचा दुसरा धोका फाइलींना. त्यासाठी सिस्टिमचा भाग फक्त वाचता येईल असा ठेवला, लिहिण्यापुरती वेगळी जागा दिली, आणि संध्याकाळी पॉवरचं बटण दाबून, दिवे विझू देऊन मगच मेन स्विच पाडायची सवय सगळ्यांना लावली. मूळ प्रतिमेत बऱ्याच सेवा असतात ज्या जिगला नको. त्या बंद केल्यावर वीज आल्यापासून आमचा हिरवा दिवा लागेपर्यंत सतरा सेकंद लागतात. आधी अडतीस लागत होते.

न आवडलेलं म्हणाल तर मिनी-यूएसबीचं सॉकेट. ती केबल आता कोणाच्या घरात सापडत नाही, एक जास्तीची आणून ठेवा. दुसरं म्हणजे माहिती फार विखुरलेली. दहा वर्षांपूर्वीची पद्धत आणि आजची पद्धत शेजारी शेजारी सापडते आणि दोन्ही एकमेकींशी जुळत नाहीत. डेबियनची कोणती आवृत्ती टाकली ते बोर्डाखाली चिठ्ठीवर लिहून चिकटवा, नाही तर सहा महिन्यांनी स्वतःलाच कळत नाही. नागपूरच्या उन्हात बंद खोक्यात ठेवू नका. आमच्या खोक्याला दोन्ही बाजूंनी भोकं आहेत आणि कूलरची झोत थेट त्यावर येणार नाही अशा जागी तो आहे, कारण त्या हवेत पाण्याचा अंश असतो. भट्टीशेजारी किंवा उघड्यावर ठेवायचा असेल तर जास्त तापमान सोसणारी औद्योगिक आवृत्ती मिळते, ती बघा.

कॉलेजच्या पोरांना नुसते दिवे लावायला हा बोर्ड हवाच असं नाही, त्याहून स्वस्तात ते होतं. पण ज्याला तपासणीची जिग उभी करायची आहे, सिरीयल केबल लावून शांतपणे वाचायची तयारी आहे आणि सर्किट उघडून एक लाइन शेवटपर्यंत बोटाने शोधत जायची सवय आहे, त्याने हा घ्यावा. बाहेरून येणारा माल असल्याने किंमत वरखाली होते. दोन-तीन ठिकाणी विचारून, पक्क्या बिलावर घ्या.

दुसऱ्या जिगसाठी आम्ही आणखी एक मागवला, तो परवा आला. वायरिंग या वेळी पोराने ठरवलं. कागद माझ्यासमोर आणून ठेवला तेव्हा त्याने रिले पी८ च्या ७, ८, ९ वर घेतले होते, लाल अडॅप्टरची जागा काढली होती आणि खोक्याच्या बाजूला सहा पिनांचं सिरीयलचं सॉकेट बाहेर काढलं होतं, झाकण न उघडता केबल लागावी म्हणून. हे शेवटचं मी पहिल्या जिगवर केलं नव्हतं. आता तिलाही भोक पाडून घेते आहे.